गंठण गहाण ठेवण्याआधी

आत्ता कुणाच्या भाकऱ्या चालू असतील, कुणाचं निवडणं-टिपणं. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेच्या पोटात रात्री एकाएकी कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, आधी अनामत रक्कम भरा. भाऊजींनी पहाटे ओळखीच्या सोनाराला उठवलं आणि तिचं गंठण गहाण ठेवलं. ऑपरेशन झालं, ती बरी झाली. घरी सोडताना तिथल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे पिवळं रेशन कार्ड होतं ना? मग पहिल्याच दिवशी का नाही दाखवलं?" तेव्हा कळलं, तो दवाखाना धर्मादाय होता. तोवर बिल भरून झालं होतं. गंठण अजून सोनाराकडेच आहे.

म्हणून आजचा विषय, धर्मादाय रुग्णालय.

कुणा दानशूर माणसानं किंवा ट्रस्टनं लोकांच्या भल्यासाठी काढलेला दवाखाना म्हणजे धर्मादाय रुग्णालय. अशा ट्रस्टला करात सूट मिळते. कित्येकांना सरकारकडून स्वस्तात जागा मिळालेली असते. म्हणजे देणगी दात्याची असली, तरी तुमच्याआमच्या सरकारी तिजोरीचाही त्यात वाटा आहे. त्या बदल्यात कायद्यानं त्यांच्यावर जबाबदारी टाकली आहे. विश्वस्त कायद्यातलं ४१ अअ हे कलम त्यासाठीच आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली त्याची योजना ठरवून दिली. आपल्या राज्यात अशी चारशेहून जास्त रुग्णालयं आहेत.

योजना सोपी आहे. शंभर खाटा असतील तर दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी, मोफत. आणखी दहा दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी, सवलतीच्या दरात. सध्या घराचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, आणि ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल घटक धरतात.

मग या उपचारांचा पैसा येतो कुठून? बाकीच्या रुग्णांच्या बिलाच्या रकमेतले शेकडा दोन रुपये रुग्णालयानं 'निर्धन रुग्ण निधी'त बाजूला ठेवायचे असतात. औषधं आणि तपासण्यांचा खर्च त्यातून भागवायचा. म्हणजे ऐपत असलेल्याच्या बिलातून गरिबाच्या उपचाराला हातभार लागतो. आपल्याकडे भिशीत एकमेकींची नड भागते, तसंच काहीसं.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जिवावर बेतलं असेल तर धर्मादाय रुग्णालयानं रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यायचं असतं. जीव वाचवायचे उपचार अनामत रक्कम न मागता सुरू करायचे असतात. आम्हाला हे त्या रात्री माहीत असतं तर भाऊजींना सोनाराचं दार वाजवावं लागलं नसतं.

आता करायचं काय? दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा विचारा, "हे रुग्णालय धर्मादाय आहे का?" असेल तर समाजसेवकाला भेटा. मोठ्या रुग्णालयात रुग्णांच्या मदतीसाठी असा माणूस नेमलेला असतो. त्याला रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवा, अर्ज लिहून द्या. हे पहिल्याच दिवशी करा. बिल भरल्यावर मागायला गेलं, तर आमच्यासारखं हात चोळत बसावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला आजार बसतो का, तेही तिथेच विचारून घ्या.

कधी राखीव खाटा भरलेल्या असतात, हे खरं आहे. पण "खाट नाही" असं कुणी तोंडी सांगितलं, तर म्हणा, "लिहून द्या." नुसत्या तेवढ्या शब्दानं पुष्कळदा बोलण्याचा सूर बदलतो. तरीही दाद लागली नाही, तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्याच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

आपल्या बायकांना मागायला संकोच वाटतो. फुकटचं घेतलं म्हणून लोक काय म्हणतील, असं वाटतं. पण मैत्रिणींनो, ज्यानं दवाखान्यासाठी पैसा दिला, त्यानं तो आपल्यासारख्यांसाठीच दिला. त्या खाटेवर आपण झोपलो, तरच त्याचं दान पोचलं.

या आठवड्यात एक काम करा. सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाचा दाखला काढा. असेल तर त्याची मुदत संपली नाही ना, ते बघा. रेशन कार्डाची झेरॉक्स आणि तो दाखला एका पिशवीत घालून देवळीत ठेवा. घरातल्या सगळ्यांना ती जागा दाखवून ठेवा. दुखणं रात्री-अपरात्री येतं, तेव्हा कागद शोधायला वेळ नसतो.

माझ्या जावेनं तिची पिशवी दाराच्या खुंटीला टांगली आहे. येताजाता ती माझ्या नजरेला पडते.

बरं, येते. नमस्कार.