म्हाकुलाचा तंतू आणि मुदतीची नोकरी

मालवणच्या बंदरावर म्हाकुलं साफ करणाऱ्या बायांच्या हाताखालून विज्ञानातली एक नामांकित वस्तू रोज जाते. ती म्हणजे म्हाकुलाचा मज्जातंतू. आपला तंतू केसाहून बारीक. याचा अर्धा मिलिमीटरभर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. पाण्याचा झोत सोडून पळायचं, तर मेंदूचा निरोप झटकन् पोचायला नको का? इंग्लंडातील हॉजकिन आणि हक्सली यांनी १९३९ साली या तंतूच्या आतून तो विजेचा निरोप टिपला. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणुजीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढं तिथं पिकल्या केळ्यावरच्या फळमाशीला वास नि चव कशी कळते, याचा शोध सुरू झाला.

अशा प्रयोगशाळांत विज्ञानाचे पदवीधर प्रकल्प-साहाय्यक म्हणून लागतात. माशांचं खाद्य शिजवायचं, बाटल्या बदलायच्या, तासन् तास सूक्ष्मदर्शकात बघायचं. "चिलटं पाळायला एवढा शिकलास?" असं आई विचारणारच. शिवाय नोकरी बहुधा मुदतीची; प्रकल्प संपला की संपली. हे घरी आधीच सांगावं; कर्जाचे हप्ते तिच्या भरवशावर बांधू नयेत.

पण हवा तो आकडा न लिहिता, आला तोच आकडा वहीत लिहायचा, ही सवय मुदतीनंतरही जवळ राहते. आणि तंतू न तोडता म्हाकूल सोलायला हात हलका लागतो. तो आमच्या किनाऱ्यावर पुष्कळांपाशी आहे.