इतिहासस्पर्धेतील खरे यश
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



इतिहासाच्या स्पर्धांत यश मिळविणाऱ्या आपल्या मुलांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु पाठांतराचे यश वेगळे आणि शोधाचे यश वेगळे.

अमेरिकेत १९७४ साली क्लीव्हलंड येथे ‘नॅशनल हिस्टरी डे’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. तीत मूळ साधने धुंडाळून निबंध, प्रदर्शन वा नाट्यप्रयोग सिद्ध करावयाचा असतो. १९९९ साली कॅन्सस राज्यातील युनियनटाऊन या लहानशा गावच्या शाळकरी मुलींच्या हाती एक कात्रण आले. महायुद्धात वॉर्सा येथील इरेना सेंडलर यांनी २,५०० ज्यू बालकांना वाचविले, असे त्यात छापले होते. आकडा चुकला असावा, असा संशय आला. म्हणूनच शोधास आरंभ झाला. कार्य तर खरे निघालेच; शिवाय इरेनाबाई हयात असल्याचे कळले! बालकांची खरी नावे कागदांवर लिहून ती त्यांनी बरणीत घालून जमिनीत पुरून ठेविली होती. २००१ साली मुलींनी वॉर्सा येथे जाऊन त्यांची भेट घेतली.

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद मिळविले व १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. तरीही माझ्याच घरचे मोडी दप्तर बंबात जळाले, ही खंत मला आजन्म राहील.

विद्यार्थिमित्रांनो, या सुटीत वडीलधाऱ्यांजवळ बसा, माळ्यावरील पेट्या उघडा, शंका विचारा. पारितोषिक मागाहून येईलच.