शिवी कुणाच्या पत्त्यावर जाते?

बुलढाण्यात भाषेवर बोलायचं आणि ताराबाई शिंदे यांचं नाव आभारप्रदर्शनात उरकायचं, हा रिवाज आज मोडायचा आहे.

1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात शिक्षा सौम्य झाली. पण ‘पुणे वैभव’ या पत्राने ती संधी साधून बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. उत्तर बुलढाण्याच्या ताराबाईंच्या लेखणीने दिलं. 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली गेली; प्रती 500, किंमत 9 आणे. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का, हा त्यातला रोखठोक सवाल. सत्यशोधक समाजातल्याही काहींना तो झोंबला. जोतीराव फुल्यांनी मात्र 1885 च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. मग मराठी साहित्याने ते पुस्तक अडगळीत टाकलं, ते थेट 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत.

सवाल अजून तिथंच उभा आहे. ‘रांड’ हा शब्द घ्या. कुणी दचकत असेल तर दचकू द्या. त्याचा एक अर्थ नुसता विधवा. नवरा मेला हाच बाईचा गुन्हा, आणि तोच शब्द वेश्येला, तोच भांडणातल्या कुठल्याही बाईला. बायको गेलेला विधुर मात्र दुसऱ्या स्थळाला चालतो! पुरुषाला हाणायचं तरी ‘रांडेच्या’ म्हणून. मार बसतो त्याच्या आईला. बाळाचं नशीब लिहिणारी सटवाई पुजायची आणि सुनेला ‘सटवी’ म्हणायचं. सिंदखेडराजाला 12 जानेवारीला जिजाऊंचा जयघोष करायचा आणि घरी येऊन भित्र्या माणसाला ‘बांगड्या भर’ म्हणून हिणवायचं.

इंग्रजीच्या अभिमान्यांनीही कॉलर ताठ करू नये. ‘हसी’ म्हणजे मुळात हाउसवाइफ, घरधनीण. घासत घासत ती निर्लज्ज बाई झाली. ‘हार्लट’ तर आधी भटक्या, लबाड पुरुषाला म्हणत. पुरुष त्यातून सुटला, शब्द वेश्येच्या गळ्यात पडला. सूत कातणारी ती ‘स्पिन्स्टर’, पुढे लग्न राहून गेलेली. इंग्लंडच्या विवाहनोंदणीतून हा शब्द 2005 मध्ये निघाला.

आता आपल्या लेखकांकडे. कादंबरीत पानोपानी आईबहिणीवरून शिव्या घालायच्या आणि विचारलं की ‘बोलीचा अस्सलपणा’ म्हणायचं, ही पळवाट आहे. बोलीला सोवळं नेसवा, असं मात्र इथं कुणी म्हणत नाही. ताराबाईंची भाषा कुठे मऊ होती? शुद्ध भाषेच्या रखवालदारांनी तीही कापली असती. वाद शब्दाच्या तिखटपणाचा नाही, तो कुणावर पडतो याचा आहे.

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याच्या ग्रामसभेने 2024 साली आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंडाचा ठराव केला. एका गावाला जे सुचलं, ते इतक्या संमेलनांना सुचलं नाही! ग्रामसभेचं काम ग्रामसभेने केलं, लेखकांचं बाकी आहे. बुलढाण्याच्या लेखकांनो, पुढच्या कादंबरीत शिवी खुशाल लिहा. पण करणाऱ्यालाच लागेल अशी नवी शिवी घडवून दाखवा.