ग्रामेतिहासाचे दोन साक्षी : कागद आणि कंठ

(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



जीर्ण पोथीवर कोणाचा पाय पडू नये म्हणून ती वाहत्या पाण्यात सोडावी, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. त्यामागील भावना पवित्रच आहे. परंतु पोथीच्या रुमालात कित्येकदा जुनी सनद, देवस्थानाच्या हिशेबाची वही, एखादे खरेदीखत बांधलेले असते. तेही पोथीबरोबर पाण्यात जाते आणि गावाच्या स्मृतीचा एक तुकडा कायमचा नाहीसा होतो. वाळवीने आणि अग्नीने जे नेले, त्यात आपल्या श्रद्धेनेही अशी भर घातली आहे. म्हणून आजचे सांगणे एवढेच की, आधी संग्रह, मग विसर्जन.

लोधीखेड्याला या गोष्टीची निकड विशेष आहे. हा प्रदेश प्रथम देवगडच्या गोंड राजांचा, पुढे नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. सौसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मात्र मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राजधानी बदलली की दप्तरही दुभंगते. जुन्या काळाचा शोध नागपुरात घ्यावा लागतो, नंतरचा छिंदवाड्यास आणि भोपाळास. एक कागद मोडीत, दुसरा इंग्रजीत, तिसरा हिंदीत. ही सारी वाट चालणारा अभ्यासक विरळा. तेव्हा सीमेवरच्या गावाने आपली स्मृती आपणच जपली पाहिजे.

हे कार्य मराठीला नवे नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणजे कंठस्थ इतिहासाचाच संग्रह. पुढे मूळ प्रत हरपली, तेव्हा अनुयायांनी स्मरणातून तो पुन्हा उभा केला. आठवणी भिन्न निघाल्या, तर ते पाठभेदही जपले गेले. आठवण पुसू नये, ती कोणाची हे लिहावे, हा धडा आपल्याच शेजारच्या ऋद्धपूरच्या परंपरेने घालून दिला आहे.

कागदांविषयीचा धडा इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दिला. १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले, ते घरोघरची दप्तरे धुंडाळून. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून हिंडून बाडे मिळवली आणि समर्थ वाग्देवता मंदिरात ती सुरक्षित ठेवली. मठांनी पोथ्या जपल्या नसत्या, तर त्यांच्या हाती काय लागले असते?

कागद आणि कंठ यांपैकी एकावरच विसंबू नये. पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. तिच्या मुळाशी कोणी पळवून नेलेल्या मुलीची कथा सांगतो, कोणी सैन्याच्या सरावाची. यांतील एक कथा खरी ठरवून दुसरी टाकून देणे हे संग्राहकाचे काम नव्हे. कोणी, कोणत्या गावी, कोणाकडून ऐकून सांगितली, एवढे त्याने नोंदवावे. निर्णय पुढील पिढी पुराव्याने करील.

उलट, कागद बोलत नाही ते कंठ बोलतो. लोधीखेड्याच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा उल्लेख इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांत एखाद्या ओळीत येतो. परंतु भांडे कसे घडे, कोणत्या बाजारी जाई, कारागिराच्या घरातील स्त्रियांच्या वाट्याला कोणते काम येई, हे त्या ओळीत सापडत नाही. ते वृद्धांच्या मुखीच आहे. आणि वृद्ध माणूस गेला की त्याची दुसरी प्रत कोठेही मिळत नाही.

भक्तजनांनी करावयाचे कार्य अवघड नाही. घरातील कोणताही जुना कागद, वाचता येत नसला तरी, फेकू नये, विकू नये, विसर्जित करू नये. आधी त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे. मूळ कागद कोरड्या जागी, सुती वस्त्रात ठेवावा. चिकटपट्टी लावू नये. तो कोणाच्या घरचा, कोणत्या गाठोड्यातला, हे सोबत लिहावे. शेतांची, विहिरींची, पाणंदींची जुनी नावे टिपून ठेवावीत. आजीआजोबांचे बोलणे त्यांच्या संमतीने, त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावे. ते शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. नाव, गाव आणि तारीख आरंभीच उच्चारावी. त्र्यंबकेश्वरास किंवा प्रयागास गेल्यावर तीर्थोपाध्यायांच्या वहीतील आपल्या कुळाची नोंद उतरून आणावी. पाठशाळेतील चार विद्यार्थ्यांनी जरी मोडी आत्मसात केली, तरी अनेक बंद रुमाल बोलू लागतील.

आपल्या धर्मात देवऋण आणि पितृऋण यांच्याबरोबर ऋषिऋणही सांगितले आहे, आणि ते अध्ययनाने फिटते. पूर्वजांनी लिहिले ते वाचणे आणि त्यांनी सांगितले ते ऐकून ठेवणे, हेही अध्ययनच होय. या वर्धापनदिनी प्रत्येक घराने एक कागद आणि एक आठवण सुरक्षित केली, तर पुढील उत्सवास येणाऱ्या पिढीला आपले गाव परके वाटणार नाही.