संगणकाची झोपमोड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कुणी लोणची-पापडांविषयी, कुणी मुलांच्या संगोपनाविषयी, तर कुणी आपल्या यात्रेविषयी चार शब्द सांगते. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला. म्हणाल्या, "तुमच्या त्या रात्री उठणाऱ्या संगणकाचे सांगा." आळीत त्याची चर्चा इतकी झाली होती की मला नाही म्हणायला जागाच उरली नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. घरात जे पाहिले आणि करून पाहिले तेवढेच सांगणार आहे.

देव आषाढी एकादशीला झोपतात आणि कार्तिकी एकादशीला उठतात. मधले चार महिने त्यांना कुणी उठवीत नाही. संगणकालाही अशी एक झोप असते. थंड मुलखातले प्राणी हिवाळाभर निजून राहतात, त्यावरून तिला इंग्रजीत हायबरनेट म्हणतात. आपण शीतनिद्रा म्हणू.

संगणकाची साधी झोप वेगळी आणि शीतनिद्रा वेगळी, हा भेद आधी ध्यानात घ्यावा. साधी झोप म्हणजे आमटी मंद आचेवर ठेवून शेजारी जाऊन येणे. आच चालूच असते, परत आल्यावर लगेच वाढता येते. पण मध्येच गॅस संपला तर सारे बिघडते. शीतनिद्रा म्हणजे कोणता पदार्थ कुठवर आला आहे ते वहीत नीट लिहून ठेवून शेगडी पुरती विझवणे. संगणक आपल्या स्मरणातले सगळे आतल्या तबकडीवर उतरवून ठेवतो आणि मगच बंद होतो. वीज गेली तरी त्याचे काही हरवत नाही. पुन्हा चालू केला की होते तेच कागद जसेच्या तसे समोर येतात.

आमचे यजमान संध्याकाळी तीन-चार दुकानांचे हिशेब संगणकावर लिहितात. उघडलेल्या वह्या रोज मिटायच्या आणि रोज शोधायच्या, हा त्रास नको म्हणून ते रात्री त्याला शीतनिद्रा देऊन उठतात. कित्येक महिने हे सुरळीत चालले. मग एके दिवशी पहाटे पाणी भरायला उठले, तो बाहेरच्या खोलीत पडदा उजळलेला आणि पंखा घुर्र घुर्र चाललेला! दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

आता त्या बाहेरच्या खोलीत माझ्या नणंदेचा मुलगा निजतो. तो कॉलेजसाठी आमच्याकडे राहिला आहे. नणंदबाई एकटीच्या हिमतीवर शेती सांभाळतात आणि "वहिनी, तुमच्या पदरात टाकला आहे" म्हणून त्यांनी तो आमच्या हवाली केला. यजमानांच्या मनात संशय आला की पोरगा रात्री जागून संगणकावर काहीबाही पाहत असतो. उघड बोलले नाहीत. पण जेवताना "जागरणाने डोळे जातात", "विजेचे बिल काही झाडाला लागत नाही", असे सुरू झाले. सासूबाईंना तर हा काहीतरी बाहेरचा प्रकार वाटला. त्या संगणकावर लिंबू-मिरची बांधायला निघाल्या. पोर म्हणे, "मामा, तो आपोआप सुरू होतो." त्यावर कुणाचा विश्वास बसेना. शेवटी तो मला एकटीला गाठून हळूच म्हणाला, "मामी, मी वसतिगृहात जागा बघतो."

भगिनींनो, घरातून अशा रीतीने गेलेले मूल परत मनमोकळे येत नाही, आणि बहीण-भावाच्या नात्यात एकदा अढी बसली की ती पुढच्या पिढीला पुरते. मी ठरवले की आधी उठवणारा कोण ते शोधायचे, वसतिगृहाचे मग पाहू. एका दुरुस्तीवाल्याने तर फोनवरच सांगून टाकले की सगळे पुसून नवे भरावे लागेल. पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी मात्र म्हणाली, "आई, पुसायची घाई नको. संगणक स्वतः नोंद ठेवतो. त्यालाच विचार."

पहिले काम मी केले ते आपल्या नेहमीच्या कामातले. आपण दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहितो ना, त्याच चौकटीत मी रोज सकाळी लिहू लागले: संगणक झोपलेला की जागा. भाच्याला मी संगणकाला हात लावायला सांगितले नाही. तोही म्हणाला, "मामी, मी बोट लावले तरी नाव माझेच यायचे." त्याचे म्हणणे खरे होते.

मुलीने फोनवर सांगितले तसे मी कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडली. इंग्रजी अक्षरे मला ओळखता येतात. एकेक अक्षर शोधून मी 'पॉवरसीएफजी' असे जोडून लिहिले, एक जागा सोडली, तिरकी रेघ काढली आणि तिला लागून 'लास्टवेक' लिहिले. याचा अर्थ, शेवटचे कुणी उठवले? आमच्याकडे त्यातून नीट उत्तर मिळाले नाही. मग दुसरा प्रश्न विचारला. तिरक्या रेघेनंतर 'डिव्हाइसक्वेरी', जागा सोडून 'वेक', खालची आडवी रेघ, 'आर्म्ड'. याने कुणाकुणाला उठवण्याची मुभा आहे त्यांची यादी येते. आमच्या यादीत तिघे होते: कळफलक, माउस आणि इंटरनेटच्या तारेचे कार्ड.

या तिसऱ्याची गंमत सांगण्यासारखी आहे. संगणक बंद दिसला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तोवर त्याच्या आत थोडी वीज वाहतच असते. तेवढ्यावर हे कार्ड कान देऊन बसते. जाळ्यातल्या दुसऱ्या यंत्राने ठराविक हाक मारली की ते संगणकाला उठवते. त्या हाकेला मॅजिक पॅकेट म्हणतात. तिच्यात आधी सहा वेळा एकच खूण असते आणि मग त्या कार्डाचा क्रमांक लागोपाठ १६ वेळा येतो. सोळा वेळा नाव घेतल्यावर कोण उठणार नाही? पण काही संगणकांत इतर साध्या हाकांनीही हे कार्ड उठवते. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर जाऊन, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, 'या उपकरणाला संगणक उठवू द्यावा' या अर्थाच्या वाक्यापुढची खूण मी काढली. त्या रात्री दुसरे काहीही बदलले नाही.

सकाळी संगणक जागाच! याचा अर्थ कार्ड निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, याचा हा फायदा. भाजीत मीठ, चिंच आणि गूळ एकदम टाकले तर चव कशाने बिघडली ते कळत नाही.

मग मुलीने इव्हेंट व्ह्यूअर ही संगणकाची नोंदवही उघडायला सांगितली. तिच्यात सिस्टिम या भागात 'पॉवर-ट्रबलशूटर' या नावाची नोंद शोधायची. संगणक केव्हा झोपला, केव्हा उठला आणि कुणी उठवला हे तिथे लिहिलेले असते. वेळ होती २०:३०, म्हणजे रात्रीचे साडेआठ. यजमान लगेच म्हणाले, "साडेआठला मी स्वतः समोर बसलो होतो. नोंदच खोटी आहे." पण मुलीने आकड्यांच्या शेवटी पाहायला सांगितले. तिथे झेड हे अक्षर होते. ते असले की वेळ आपली नसून जागतिक मानाची असते. आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. साडेआठात साडेपाच मिळवा: रात्रीचे बरोबर २!

आणि कारणापुढे लिहिले होते 'टायमर', म्हणजे आतला गजर. विंडोजमध्ये साफसफाईचे एक नेमलेले काम असते. त्याची वेळ मुळातच रात्री २ ची ठेवलेली असते, आणि त्यासाठी संगणकाला उठवण्याची परवानगीही दिलेली असू शकते. संगणकाच्या आत ३ व्होल्टची, नाण्याएवढी चपटी बॅटरी असते. तिच्यावर घड्याळ सदा चालू राहते, आणि तेच गजर लावून त्याला उठवते. काम झाल्यावर त्याने पुन्हा निजायला हवे, पण दुसरे एखादे काम आडवे आले की ते जागेच राहते.

उपाय सोपा होता. साफसफाई बंद करायची नाही, ती संगणकाच्या भल्यासाठीच असते. कामाची बाई अवेळी येते म्हणून आपण तिला काढून टाकत नाही, वेळ बदलून घेतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ऑटोमॅटिक मेंटेनन्सची वेळ आम्ही संध्याकाळी ७ ची केली आणि उठवण्याच्या परवानगीची खूण काढली. शिवाय पॉवर ऑप्शन्समध्ये 'अलाउ वेक टायमर्स' असे असते, तिथे 'डिसेबल' केले.

दिनदर्शिकेवर अकरा रात्री 'झोपलेला' असे लिहिले गेले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. बाराव्या दिवशी संगणक पुन्हा जागा! यजमानांनी भाच्याकडे पाहिले. त्या पोराचे तोंड एवढेसे झाले.

मी नोंद उघडली. या वेळी वेळ पहाटे चारनंतरची होती आणि कारणापुढे लिहिले होते 'अननोन', अज्ञात. म्हणजे हा चोर निराळा. मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तर मायक्रोवेव्हचे घड्याळ शून्यावर लुकलुकत होते. ते असे केव्हा करते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. रात्री वीज जाऊन आली होती.

मुलीला विचारले. ती म्हणाली, "आई, तू तर नेमके शोधलेस." संगणकाच्या मूळ मांडणीत, ज्याला बायोस म्हणतात, एक कलम असते: वीज जाऊन परत आली तर काय करायचे? बंदच राहायचे, आधी होते तसे राहायचे, की चालू व्हायचे? ते 'पॉवर ऑन'वर असेल तर वीज येताच संगणक उठतो आणि शीतनिद्रेतले कागद उघडून बसतो.

नुसते सांगून यजमानांचे समाधान झाले नसते. म्हणून रविवारी दुपारी मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवले. भाच्याला मुद्दाम दाराशी, लांब. यजमानांनी स्वतः संगणकाला शीतनिद्रा दिली. तो पूर्ण बंद झाल्यावर मी भिंतीवरचे बटण बंद केले, थोडा वेळ थांबले आणि पुन्हा चालू केले. कुणी हात लावला नाही, कुणी काही बोलले नाही. पंखा घुर्र झाला, पडदा उजळला आणि यजमानांच्या हिशेबाच्या वह्या समोर उघडल्या.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "माझ्या नातवाचे नाव उगीच घेतले रे." यजमान थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी भाच्याला जवळ बोलावले आणि म्हणाले, "ये, ते कलम कसे बदलायचे ते आपण दोघे पाहू." मामा-भाच्यांनी संगणक चालू होताना डिलीटची कळ दाबून बायोस उघडले आणि तिथे 'पॉवर ऑफ' केले. (काही संगणकांत कळ वेगळी असते, सुरुवातीला पडद्यावर तसे लिहून येते.) वसतिगृहाचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

आता ज्यांच्या घरी असा प्रकार होत असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

आधी पाहा की संगणक खरोखर शीतनिद्रेत जातो की साध्या झोपेत. साध्या झोपेत टेबलाला धक्का लागून माउस हलला तरी तो उठू शकतो. विंडोजच्या यादीत हायबरनेट हा शब्द पुष्कळदा दिसतच नाही, तो पॉवर ऑप्शन्समधून लावून घ्यावा लागतो.

उठण्याच्या वेळा लिहून ठेवा. रोज ठराविक वेळी उठत असेल तर बहुधा गजर. वाटेल तेव्हा उठत असेल तर उपकरण किंवा वीज. नोंदवहीतल्या वेळेला झेड असेल तर साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

एका वेळी एकच बदल करा आणि निदान तीन रात्री वाट पाहा.

मुली लॅपटॉप बॅगेत घालून प्रवास करतात, त्यांना हे जरूर सांगा. बंद बॅगेत तो जागा झाला तर तापतो आणि बॅटरीही उतरते.

आणि काहीच जमले नाही तर शीतनिद्रेत गेल्यावर, सगळे दिवे विझल्यावर, भिंतीवरचे बटण बंद करा. शीतनिद्रेत त्याने काही हरवत नाही. साध्या झोपेत मात्र असे करू नका, न साठवलेले काम जाऊ शकते. रात्रभर जागा राहणारा संगणक ८० वॅट खात असेल, तर सहा तासांत जवळजवळ अर्धे युनिट जाते. महिन्याला ते नजरेत भरते.

भगिनींनो, यंत्राने नोंद ठेवलेली असते, ती वाचता येते. माणसाच्या मनावर उमटलेली नोंद मात्र पुसता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे आपल्या घरात होऊ नये. पुढे घरातले कोणतेही यंत्र विचित्र वागू लागले, तर घरातल्या माणसाकडे पाहण्याआधी यंत्राला विचारा. त्याला इंग्रजी फार लागत नाही. लागते ते आपल्याकडे आहे: चौकट आखून हिशेब ठेवण्याची सवय आणि थोडा धीर.