मुलाखतीच्या मेजापलीकडून
(ज्युबिलीनिमित्त तरुणमंडळापुढें केलेलें भाषण)



मुलाखत घेणारे उमेदवाराच्या ठायीं काय पाहतात, हें सांगण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. पुष्कळ वर्षें मेजाच्या त्या बाजूस बसण्याचा प्रसंग आला, एवढाच आमचा अधिकार.

ज्युबिलीचा व नोकरीचा संबंध आपल्याकडे जुनाच आहे. व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, म्हणजे १८८७ सालीं, मुंबई-साष्टीकडील कॅथोलिक भूमिपुत्रांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. गोवा-मंगळूरहून आलेल्या धर्मबंधूंहून आपण निराळे ओळखले जावें व सरकारी जागांवर आपला हक्क सांगतां यावा, हा त्यांतील एक हेतु होता. आतां नांवावर जागा मिळत नाहीं. केंद्र सरकारनें तर १ जानेवारी २०१६ पासून अराजपत्रित ‘ब’ गट व त्याखालील पदांकरितां मुलाखतच बंद केली. तींत वशिल्यास फार वाव होता. मात्र सनदी सेवेंत लेखी परीक्षेच्या १७५० गुणांवर मुलाखतीचे २७५ गुण आहेतच, आणि खासगी कचेऱ्यांत तर मुलाखतीवांचून पान हालत नाहीं.

‘मी कष्टाळू आहें’ असें प्रत्येक उमेदवार म्हणतो. अशा वाक्यानें आमच्या कागदावर कांहींच लिहिलें जात नाहीं. हिशेबनिसाच्या जागेसाठीं आलेल्या एका मुलीस आम्हीं विचारलें, “कष्ट केव्हां केले, तें सांगा.” ती म्हणाली, “पहांटे आईबरोबर फुलें घेऊन दादरला जातें. कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणें राहिलें, तें मी लिहून ठेवतें. एकदां या वहीवरून महिन्याची बुडीत रक्कम वसूल केली.” पुढें विचारण्यासारखें फारसें उरलें नाहीं. तिच्या अर्जांत मात्र या वहीचा उल्लेखही नव्हता! घरचें काम सांगण्याची लाज कां वाटावी, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

आतां आमची चूक. एका तरुणास आम्हीं केवळ त्याच्या अडखळत्या इंग्रजीमुळें नाकारलें व गोड बोलणाऱ्यास घेतलें. सहा महिन्यांत कोठाराची वही आणि माल यांचा मेळ बसेना. नाकारलेला तरुण दुसऱ्या एका कारखान्यांत कोठारप्रमुख झाला. रस्त्यांत भेटला कीं तो आम्हांस आदरानें नमस्कार करतो, आणि तो नमस्कार आम्हांस जड जातो. श्मिट व हंटर या संशोधकांनीं १९९८ सालीं ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सर्वांस तेच प्रश्न विचारून ठरल्या मापानें गुण दिले, तर मोकळ्या गप्पांपेक्षां निवड अधिक बरोबर ठरते, असें त्यांस आढळलें. आम्हीही त्यानंतर प्रश्न आधीं लिहून ठेवूं लागलों. त्या तरुणास त्याचा उपयोग झाला नाहीं.

ठाऊक नसेल तेथें ‘ठाऊक नाहीं’ म्हणावें. बनवाबनवी दुसऱ्या प्रश्नास उघडी पडते. मधलें एखादें वर्ष रिकामें गेलें असेल, तर विचारण्यापूर्वींच कारण सांगावें. वडिलांच्या आजारपणांत गेलेलें वर्ष कोणीं दोषास्पद मानूं नये, आणि बहुतेक मानीतही नाहींत.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या खोलींत आम्ही मेज मांडून बसणार आहों. ज्यांस सराव करावयाचा असेल त्यांनीं अर्जाची एक प्रत बरोबर आणावी.