दगडफुलाचे रसायन

गोड्या मसाल्यात पडणारे, वरून राखी आणि खालून काळपट असे जे दगडफूल आपल्या परिचयाचे आहे, ते एकच एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांचा संयुक्त संसार होय, हा सिद्धांत श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली मांडला, तेव्हा त्याच्या विरोधकांत पॅरिसवासी फिनिश पंडित नायलँडर अग्रभागी होता. गंमत अशी, की वर्षभर आधी याच हटवादी गृहस्थाने या जातींच्या ओळखीसाठी रसायनांची कसोटी पुढे आणली होती. झँथोरिया या पिवळ्या-नारिंगी दगडफुलावर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा, तो डाग तत्काळ जांभळट लाल होतो. आणि बाजारी दगडफुलातील एका जातीचा वरचा पापुद्रा हलकेच खरवडून आतील शुभ्र गाभ्यावर ब्लीचिंग पावडरचे पाणी सोडले, की लेकॅनोरिक आम्लामुळे तेथे तांबडा रंग उमटतो. ही द्रव्ये घडविते बुरशी. त्यांसाठी लागणारी रसद मात्र हिरव्या भागीदाराकडून वसूल होते. पुढे जपानात आसाहिना व आपल्याकडे शेषाद्री या रसायनशास्त्रज्ञांनी अशा द्रव्यांच्या रेणुरचनेचा कसून अभ्यास केला.

दगडफुलाच्या लागवडीचे काम या रासायनिक अभ्यासाहून बिकट. प्रयोगशाळेत बुरशी आणि शैवाल या दोघांना विभक्त करून वाढविता येते, परंतु एकटी बुरशी बहुधा आकारहीन गोळाच होऊन बसते, आणि पुन्हा एकत्र आणलेली जोडी पूर्वीचे पसरट, झालरदार रूप सहजासहजी धारण करीत नाही.